हैतीचं ग्रिओ घरी: आधी मऊ शिजवा, मग कोरडं करा, मगच तळा

डुकराच्या खांद्याच्या मांसाचे तुकडे आंबट रसात आणि हिरव्या वाटणात मुरवायचे, त्याच रसात मऊ शिजवायचे आणि शेवटी तळायचे. कॅरिबियनमधल्या हैती देशाच्या क्रिओल, म्हणजे आफ्रिकी-फ्रेंच मिश्र, स्वयंपाकातलं हे ग्रिओ. सोबत पिकलीझ, म्हणजे व्हिनेगरमधलं झणझणीत कोबीचं लोणचं, आणि चेपून दोनदा तळलेली कच्ची केळी. यातलं कुठलंच साहित्य अवघड नाही. तरीही ज्यांना ज्यांना मी ही कृती सांगितली त्यांच्यापैकी निम्म्यांचं पहिल्या खेपेला बिघडलं. कुणाचं बाहेरून काळं आणि आत चामड्यासारखं झालं, कुणाचं कुकरमध्ये तंतू सुटून गेलं, कुणाचं चवीला छान पण वरून ओलसर आणि मिळमिळीत राहिलं.

मला वाटतं, चूक आपल्या हाताच्या सवयीत आहे. गोव्यात किंवा वसईकडे सोरपोतेल करताना मांस आधी उकडतात, बारीक चिरतात, परततात आणि मग मसाल्यात शिजवतात. विंदालूच्या जातीच्या इंद्यालमध्ये मसाला मांसाला धरून राहावा अशीच अपेक्षा असते. ग्रिओत हा क्रम उलटा चालतो. मसाल्याचं सगळं काम शिजेपर्यंत उरकतं. तेलात जाताना तुकड्यावर वाटणाचा कण नको आणि पाण्याचा थेंब नको. एवढं सांभाळलं तर बाकीच्या लहानसहान चुका हे पदार्थ पोटात घेतात.

### वेळेचा हिशेब आधी करा

हे एका संध्याकाळी उरकणारं काम नाही. शनिवारी रात्री जेवायचं असेल तर बुधवारी किंवा गुरुवारी पिकलीझ घाला, शुक्रवारी रात्री मांस मुरवा, शनिवारी दुपारी शिजवा, संध्याकाळी तळा. तळणं जेवणाच्या अर्धा तास आधी. पाहुणे यायच्या दोन तास आधी तळून झाकून ठेवलेलं ग्रिओ वाफेनं मऊ पडतं आणि पुन्हा तसं होत नाही.

सहा माणसांसाठी दीड किलो मांस पुरतं. पुढची सगळी मापं त्या हिशेबाची आहेत. कप म्हणजे २४० मिलिलिटरचा.

### १. पिकलीझ: सगळ्यात आधी

बरेच जण पिकलीझ शेवटी करतात, कोशिंबिरीसारखं. मग कोबी कचकचीत कच्चा लागतो आणि व्हिनेगर वेगळं जिभेला झोंबतं. निदान २४ तास मुरायला हवं. तीन-चार दिवसांनी ते खरं जमून येतं.

बारीक चिरलेला कोबी ३ कप, किसलेलं गाजर १, उभा पातळ चिरलेला कांदा अर्धा, भोपळी मिरची अर्धी, तिखट मिरच्या ४ ते ६, लवंगा ४, काळी मिरी १० दाणे, मीठ दीड चमचा, एका लिंबाचा रस आणि सगळं बुडेल इतकं पांढरं व्हिनेगर, साधारण दीड कप. हैतीत यासाठी स्कॉच बॉनेट जातीची मिरची वापरतात. तिला तिखटाबरोबर फळासारखा वास असतो. तीच मिळाली तर उत्तम, हबानेरो तिच्या जवळची. आपली लवंगी मिरची तिखटाला कमी पडत नाही, पण तो वास तिच्यात नाही. म्हणून लवंगी वापरताना संख्या वाढवू नका, वास त्यानं येणार नाही. गोव्यातलं माडाचं व्हिनेगर घरात असेल तर तेही चालतं. रंग जरा मळकट येतो, चव मात्र गोल होते.

भाज्या मिठाबरोबर हातानं हलक्या चोळा, काचेच्या बरणीत दाबून भरा, वरून व्हिनेगर ओता. बरणी पूर्ण कोरडी हवी. व्हिनेगरमध्ये पाणी मिसळू नका, साखर घालू नका, आणि कृपा करून वरून मोहरी-हिंगाची फोडणी देऊ नका. ते लोणचं चांगलं होईल, पण पिकलीझ राहणार नाही.

सावधान: मिरच्या चिरताना हातमोजे घाला. तिखट लागलंच तर हाताला आधी तेल चोळा, मग साबणानं धुवा. नुसत्या पाण्यानं ते जात नाही.

तपासा: भाज्या पूर्ण बुडालेल्या आहेत ना? वर तरंगणारा कोबी चमच्यानं खाली दाबा. धातूचं झाकण असेल तर मध्ये प्लॅस्टिकचा किंवा बटर पेपरचा तुकडा ठेवा. बरणी फ्रिजमध्ये.

### २. मांस निवडणं आणि कापणं

खांद्याचाच भाग मागा. त्यात मांसाच्या मध्ये मध्ये चरबी आणि चिवट पडदे असतात. मंद शिजताना ते पडदे विरघळून मांसाला मऊपणा देतात. पाठीचा लुसलुशीत, बिनचरबीचा तुकडा महाग असतो म्हणून चांगला असेल असं वाटतं, पण ग्रिओसाठी तो निरुपयोगी. शिजून तळला की लाकूड होतो. मांडीचा भागही कोरडाच. अमेरिकेत राहणाऱ्यांनी ‘बॉस्टन बट’ मागावा, नाव काहीही असलं तरी तो खांद्याचाच वरचा भाग आहे.

कातडी काढून घ्या. गोव्या-वसईकडे कातडीसकट तुकडे शिजवायची पद्धत आहे आणि रश्श्यात ती छानच लागते. पण शिजलेली ओली कातडी गरम तेलात फटाक्यासारखी उडते. चरबी मात्र सगळी काढू नका. पाच-सहा मिलिमीटरचा थर राहू द्या.

तुकडे ४ सेंटिमीटरचे, साधारण मोठ्या सुपारीच्या दुप्पट. शिजताना ते आकसतात. आपण मटणासाठी करतो तसे लहान केले तर तळताना आत ओल उरतच नाही.

तपासा: मांसात तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढरट गाठी दिसल्या तर ते मांस घेऊ नका, घेतलं असेल तर परत करा. त्या पट्टकृमीच्या असू शकतात. ओळखीच्या, स्वच्छ दुकानातून घेणं हा यावरचा पहिला उपाय, आणि पूर्ण शिजवणं हा दुसरा.

हैतीत मांस लिंबू किंवा आंबट संत्र्यानं चोळून साफ करायची रीत आहे. जरूर करा, पण एका खोलगट भांड्यात. अर्धं लिंबू आणि चमचाभर मीठ घेऊन तुकडे चोळा, पाणी अलगद ओतून काढा, टिपून घ्या. धोधो नळाखाली धरलं की कच्च्या मांसाचे शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर, शेजारी चिरून ठेवलेल्या कोथिंबिरीवर उडतात.

### ३. वाटण आणि मुरवण

हैतीतलं हिरवं वाटण ‘एपिस’ या नावानं ओळखलं जातं. जवळजवळ प्रत्येक घरात ते बाटलीत भरून ठेवलेलं असतं, जसं आपल्याकडे आलं-लसूण.

कांदापात ६ काड्या, लसूण १० पाकळ्या, भोपळी मिरची अर्धी, पार्सली एक मूठ, सुकं थाईम १ चमचा, लवंगा ४, तिखट मिरची १, तेल २ मोठे चमचे, व्हिनेगर १ मोठा चमचा. मिक्सरमध्ये भरडसर फिरवा. पाणी घालू नका.

इथं हात आपोआप आलं, हळद आणि गरम मसाल्याकडे जातो. तो आवरा. पार्सलीऐवजी कोथिंबीर घातली की चव सरळ आपल्या हिरव्या मसाल्याकडे वळते. पार्सली कमी पडली तर निम्मी कोथिंबीर, त्याहून जास्त नको. थाईम अजिबात मिळालं नाही तर चिमूटभर ओवा चुरडून घाला. दोन्हींत थायमॉल हे एकच सुगंधी द्रव्य असतं. पण ओवा जोरकस असतो, चिमटीबाहेर गेला तर भजी आठवतील.

आंबटपणासाठी मुळात कडवट-आंबट जातीचं संत्रं लागतं. त्याच्या जागी ताज्या संत्र्याचा रस अर्धा कप आणि लिंबाचा रस पाव कप एकत्र करा. डब्यातला गोड रस कधीही नको. त्यातली साखर मांसाला चिकटून राहते आणि तळताना तुकडा कवच धरायच्या आधीच काळा पडतो. ‘बाहेरून काळं झालं’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हाच डबा निघतो.

मीठ ४ सपाट चमचे. हैतीत पुष्कळ जण रश्श्याची वडी (स्टॉक क्यूब) घालतात. तुम्ही घातलीत तर मीठ निम्म्यावर आणा. मांसाला वाटण, रस आणि मीठ चोळून काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात झाकून फ्रिजमध्ये ठेवा. ॲल्युमिनियमचं भांडं नको, आंबट रस त्याला लागतो.

वेळ: कमीत कमी ४ तास, रात्रभर उत्तम. २४ तासांपुढे नेऊ नका. आंबटामुळे मांसाचा वरचा थर भुसभुशीत होतो आणि मग तळताना कवच धरत नाही. फ्रिजबाहेर ओट्यावर मुरवणं आपल्या हवेत धोक्याचं आहे.

### ४. शिजवणं

इथं घाई करू नका. जाड बुडाचं पातेलं घ्या. मांस मुरवणीसकट त्यात ओता, मध्यम आचेवर ठेवा. तेल नाही, परतणं नाही. दहा मिनिटांत मांसाला स्वतःचं पाणी सुटेल. मग गरम पाणी घाला, तुकड्यांच्या दोन तृतीयांश उंचीपर्यंतच. पूर्ण बुडवलंत तर चव पाण्यात उतरते आणि तुकडे फिके पडतात. वर एक अख्खी मिरची देठासकट ठेवा. ती फुटू द्यायची नाही, फक्त वास सोडू द्यायचा.

उकळी आली की आच मंद करा आणि झाकण ठेवा. पाण्यावर एखाददुसरा बुडबुडा यावा एवढीच आच. खदखदून उकळलं तर मांस बाहेरून तुटतं आणि आत चिवट राहतं. वेळ ६० ते ९० मिनिटं. अर्ध्या तासानं एकदा खालीवर करा, पण डाव गरागरा फिरवू नका.

आता नेमकं कुठं थांबायचं? घड्याळापेक्षा सुरी खरं सांगते. टोकदार सुरी तुकड्यात सहज गेली पाहिजे आणि ती उचलताना तुकडा खाली घसरला पाहिजे. त्याच वेळी दोन बोटांत धरला तर तो अख्खा राहिला पाहिजे. सुरीला विरोध जाणवला तर आणखी १५ मिनिटं. बोटांत धरताच सुटला तर पुढे गेलात. तो रस्सा म्हणून खा, तळायला घेऊ नका.

थर्मामीटर असेल त्यांच्यासाठी: डुकराचं अख्खं मांस ६३ अंश सेल्सिअसला आणि त्यानंतर तीन मिनिटं थांबल्यावर खायला सुरक्षित होतं. पण ६३ अंशांना खांदा चिवटच असतो. तो मऊ पडतो ९० ते ९५ अंशांच्या आसपास. म्हणून ‘शिजलं’ आणि ‘झालं’ या दोन वेगळ्या वेळा आहेत. कच्चट नसलं म्हणजे झालं असं समजून पुष्कळ जण पाऊण तासातच तळायला काढतात. तळून ते मऊ होत नाही. तेलात मांस फक्त कोरडं होतं.

कुकर वापरायचा असेल तर: पाणी फक्त १ कप, एक शिट्टी झाल्यावर मंद आचेवर १५ मिनिटं, वाफ आपोआप जिरू द्या. किंचित कमी शिजलेलंच काढा आणि उरलेलं उघड्या पातेल्यात पूर्ण करा, म्हणजे सुरीनं तपासता येतं. ‘चार शिट्ट्या’ हा हिशेब इथं लावू नका. शिट्टीगणिक किती वेळ गेला ते आचेवर आणि कुकरवर ठरतं.

### ५. कोरडं करणं: बहुतेकांनी गाळलेली पायरी

झाऱ्यानं एकेक तुकडा काढा. त्याला चिकटलेली कांदापात, लसणाचे कण, लवंग चमच्यानं खरवडून परत पातेल्यात टाका. हे कण तेलात काही सेकंदांत जळतात, तेल कडू करतात आणि ती कडू चव पुढच्या प्रत्येक घाण्याला लागते.

तुकडे जाळीवर एकमेकांना न लागता पसरा. ताटात ठेवले तर खालच्या बाजूला रस साचतो. पंख्याखाली अर्धा तास. वरून स्वच्छ कापडानं किंवा कागदानं टिपा. हात लावल्यावर पृष्ठभाग किंचित चिकट लागावा, ओला नाही. याहून चांगलं हवं असेल तर गार झाल्यावर उघडेच फ्रिजमध्ये ठेवा, चार-पाच तास किंवा रात्रभर. मी आता नेहमी असंच करते. गार, सुकलेला तुकडा तळताना उडत नाही आणि आत गरम होईस्तोवर बाहेर नेमकं कवच धरतो.

सावधान: शिजलेलं मांस खोलीच्या उष्णतेत दोन तासांहून जास्त ठेवू नका. उन्हाळ्यात एका तासातच फ्रिजमध्ये टाका.

पातेल्यातला रस फेकू नका. गाळा, वर आलेली चरबी चमच्यानं काढून बाजूला ठेवा आणि रस निम्मा होईपर्यंत आटवा. मीठ आधी घालू नका. आटल्यावर तो खारट होतो, आधी चांगला लागला म्हणून फसू नका. एक कांदा पातळ चिरून एका लिंबाच्या रसात दहा मिनिटं भिजवा आणि त्यावर हा गरम रस ओता. हा आंबट-तिखट कांद्याचा सॉस हैतीतल्या ‘सोस ती-मालीस’च्या वळणाचा होतो. तळलेल्या मांसावर तो ओतायचा नाही, बाजूला वाटीत द्यायचा.

### ६. तळणं

कढईत तेल निम्म्यापर्यंतच, शेंगदाण्याचं किंवा दुसरं कुठलंही शुद्ध केलेलं (रिफाइंड) तेल. काढून ठेवलेल्या चरबीचा एक डाव त्यात घातलात तर चव वाढते, पण त्या चरबीत पाणी उरलेलं नाही ना हे पाहा.

तेल १७५ ते १८० अंश. थर्मामीटर नसेल तर लाकडी चमच्याचं टोक बुडवा. त्याभोवती लगेच भराभर बारीक बुडबुडे आले पाहिजेत. तेलातून धूर निघत असेल तर आच बंद करून थांबा.

एका वेळी ८ ते १० तुकडे. जास्त टाकले की तेल गार पडतं आणि तुकडे तळले न जाता तेलात शिजतात. टाकल्यावर पहिली दोन मिनिटं हलवू नका, कवच धरू द्या. एकूण ४ ते ६ मिनिटं. रंग गडद तांबूस, कडा खरपूस. मांस आधीच शिजलेलं आहे, तेव्हा इथं आपल्याला फक्त बाहेरचं काम करायचंय. ‘अजून थोडं’ म्हणत आठ-दहा मिनिटं ठेवणाऱ्यांचं मांस सुकतं. जाळीवर निथळा. कागदावर ढीग केला तर खालचे मऊ पडतात.

पुढचा घाणा टाकण्याआधी तेल पुन्हा तापू द्या आणि तळाशी गेलेले कण गाळणीनं काढा.

तळायचं नसेल तर ओव्हनमध्ये २२० अंशांवर २० ते २५ मिनिटं, मध्ये एकदा उलटून. तुकड्यांना आधी चरबीचा हात फिरवा. एअर फ्रायरमध्ये २०० अंशांवर १० ते १२ मिनिटं. कवच तळल्याइतकं जाड येत नाही, पण पाचवी पायरी नीट केली असेल तर फरक थोडा राहतो.

### ७. चेपलेली केळी

हैतीत यांना ‘बानान पेझे’ म्हणतात. मोठ्या, पिठूळ जातीची हिरवी केळी लागतात. आपल्याकडे कच्ची राजेळी त्या घराण्यातली. वसईची सुकेळी ज्यांची करतात तीच, फक्त पूर्ण हिरवी असताना घ्यायची. भाजीची साधी कच्ची केळी चालतात, चेपताना जरा जपून.

हाताला तेल लावून साल काढा, तिरके अडीच सेंटिमीटरचे तुकडे करा. मध्यम तेलात ३-४ मिनिटं फिकट पिवळे होईपर्यंत तळा. गरम असतानाच वाटीच्या बुडानं चेपा, एक सेंटिमीटर जाडीपर्यंत. गार झाल्यावर चेपले तर फुटतात. मग मीठ, ठेचलेला लसूण आणि लिंबू घातलेल्या पाण्यात क्षणभर बुडवून निथळवा आणि कडक तेलात दुसऱ्यांदा तळा. बुडवायची पायरी वगळू नका, मीठ आतपर्यंत त्यानंच जातं. पण पाणी नीट झटका, झाकण हाताशी ठेवा, मुलांना लांब ठेवा.

केळी दुसऱ्यांदा तळणं आणि ग्रिओचा शेवटचा घाणा एकाच सुमारास येतो. एकटे असाल तर केळ्यांची पहिली तळण आणि चेपणं मांस तळायच्या आधी उरकून ठेवा.

### वाढताना आणि उरलं तर

ताटात ग्रिओ, बाजूला केळी, वर नाही तर शेजारी पिकलीझ व्हिनेगर निथळवून, वाटीत सॉस. भात हवा असेल तर राजमा आणि तांदूळ एकत्र शिजवलेला ‘दिरी कोले’ करतात. पहिल्या वेळी मी साध्या भातावरच थांबायला सांगेन.

पिकलीझ बरणीतून काढायला दर वेळी कोरडा, स्वच्छ चमचा. मांसाला लागलेला चमचा परत बरणीत गेला की ते टिकत नाही.

उरलेलं ग्रिओ फ्रिजमध्ये तीन दिवस राहतं. गरम करायला ओव्हन, एअर फ्रायर किंवा कोरडा तवा. मायक्रोवेव्हमध्ये कवच रबरासारखं होतं. पुढच्या वेळेसाठी साठवायचं असेल तर चौथ्या पायरीनंतर, म्हणजे शिजवून न तळलेलं मांस, डीप फ्रीजमध्ये ठेवा. आदल्या रात्री खालच्या फ्रिजमध्ये काढा, सुटलेलं पाणी पूर्ण टिपा आणि पाचव्या पायरीपासून सुरू करा.